ड्युओडीनम: बारा बोटांचं आतडं

जठर संपून लहान आतडं जिथे सुरू होतं, त्या पहिल्या तुकड्याला वैद्यकात ड्युओडीनम म्हणतात. मराठीत आद्यांत्र. मराठी नाव क्रमावरून पडलंय, लॅटिन नाव मापावरून.

लॅटिनमध्ये 'ड्युओडेसिम' म्हणजे बारा आणि 'ड्युओडेनी' म्हणजे बारा-बारा. (ही द्विरुक्ती मराठीला सहज जमते.) मूळचा शब्दप्रयोग होता 'ड्युओडेनम डिजिटोरम', बारा बोटांचं. पुढे त्यातली बोटं गळाली आणि नुसते बारा उरले. जर्मनने मात्र ती सोडली नाहीत. तिथे आजही 'त्स्वोल्फफिंगरडार्म', बारा बोटांचं आतडंच.

कल्पना लॅटिनची नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात शवविच्छेदन करणाऱ्या हिरोफिलसने ग्रीकमध्ये हे बारा बोटांचं नाव दिलं. ते अरबीत गेलं आणि १२व्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने इब्न सिनाचा वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणला तेव्हा ड्युओडीनम झालं.

घोळ होतो तो 'बोट' या शब्दापाशी. इथे बोटाची लांबी नाही, रुंदी धरायची. चार बोटं जुळवून आडवी ठेवा. पेरांपाशी साधारण ७ ते ८ सेंटीमीटर भरतात. तीन वेळा ठेवली की २१ ते २४. प्रत्यक्षात हा भाग सुमारे २५ सेंटीमीटरचा असतो, म्हणजे जुनं माप फारसं चुकलेलं नाही. लांबी धरली तर बारा बोटांचे ८०-९० सेंटीमीटर होतील आणि हिशेब पार कोलमडेल.

एवढ्याशा लांबीत काम मात्र दाट आहे. इंग्रजी सी अक्षरासारखा वळून हा भाग स्वादुपिंडाच्या डोक्याला कवेत घेतो. त्याचे चार भाग. पहिला जेमतेम ५ सेंटीमीटरचा. जठरातून निघालेला आम्लयुक्त घास आधी इथेच आदळतो, म्हणून ड्युओडीनल अल्सर बहुतेक वेळा याच भागात सापडतो. दुसरा भाग खाली उतरतो. त्याच्या आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो. पित्त आणि स्वादुरस तिथून आत येतात. स्वादुरसातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, पित्त चरबीचे बारीक थेंब करतं. या तोंडाशी खडा अडकला तर पित्त मागे तुंबून कावीळ होते, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. तिसरा भाग कण्यावरून आडवा जातो, चौथा थोडा वर चढून लहान आतड्याच्या पुढच्या भागाला, जेजुनमला, मिळतो.

जेजुनम हे नावही लॅटिनच: 'जेजुनस' म्हणजे उपाशी. विच्छेदनात हा भाग बहुधा रिकामा सापडायचा, म्हणून. म्हणजे मोजलेल्या आतड्याच्या पुढे उपाशी आतडं.