जामीन सहाव्या दिवशी, बहीण घरी एकोणचाळिसाव्या

धाकटी बहीण ज्या घरी धुणीभांडी करायची तिथली बांगडी तिने उचलली आणि खोलीच्या भाड्यासाठी गहाण टाकली. लपवत नाही. अटक, कोठडी, येरवडा हे भराभर झालं, सहाव्या दिवशी जामीनही मंजूर. मी सुटकेचा नि:श्वास टाकतेय तोवर वकील म्हणाले, "१५ हजारांचा जामीनदार द्या. ऐपतीच्या दाखल्यासकट." म्हणजे जामीनदाराकडे तेवढी मालमत्ता आहे, असं तहसिलीचं प्रमाणपत्र.

हाच तो दाखला! आमची जमीन गावाकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. सेतूत अर्ज केला. तहसिलीत म्हणाले, तलाठ्याचा अहवाल आणा. तलाठी भाऊसाहेबांकडे तीन गावं, आमच्याकडे फक्त सोमवारी, बाजाराच्या दिवशी यायचे. एका सोमवारी मीटिंगला, एका सोमवारी रजेवर. भेटले तेव्हा कळलं, सातबारा सामाईक आहे, हिस्सेदारांची संमती लागेल. चुलत दीर सुरतेला. त्यांनी कुरिअरने सही पाठवली, तर ती नोटरीसमोर केलेली नाही म्हणून परत. मधल्या एका खेपेला कारकुनाने माझ्याच अर्जावर चहाचा कप ठेवला. पुढच्या खेपेला ते गोल डाग माझ्यापुढे धरून म्हणतो, "ताई, अर्ज खराब झालाय, नवीन भरा." नवीन अर्ज, नवीन तारीख, रांग पहिल्यापासून. (जुन्या अर्जाची पोचपावती जपून ठेवा, मी फेकली होती.) दर खेपेला एसटीचं भाडं आणि एक दिवसाचा खाडा.

बहिणीची चार वर्षांची पोरगी तिच्यासोबतच तुरुंगात होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ ठेवता येतं. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती संध्याकाळी दार लावलं की विचारायची, "गिनती झाली?" गिनती म्हणजे तुरुंगातली कैद्यांची मोजणी.

खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: वकिलाला पैसे देऊ नका. मी ८ हजार घालवले. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईमाणसाला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ चा कायदाच आहे तसा. तिथल्या पोरसवदा वकीलबाईंनी माझी फाईल बघून कपाळावर हात मारला. परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही म्हणून अडवू नका, असं सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच एका गवंड्याच्या केसमध्ये सांगितलंय म्हणे. शिवाय महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं, हे २०२३ चं. त्यांनी रोख जामिनाचा, म्हणजे जामीनदाराऐवजी तूर्त पैसे भरण्याचा, एक पानी अर्ज टाकला. सदतिसाव्या दिवशी मंजूर. मी भिशी उचलून १५ हजार भरले, दोन दिवसांत बहीण बाहेर. हाच अर्ज सातव्या दिवशीही करता आला असता, याची चीड अजून जात नाही.

रोख भरलं तरी चार आठवड्यांत जामीनदार द्यावाच लागला. तेव्हा मात्र शेजारच्या शिपाईदादांची पगाराची स्लिप आणि रेशनकार्ड चाललं. म्हणून जमिनीच्या मागे लागण्याआधी ओळखीत पगारदार माणूस शोधा.

पुढे तिने गुन्हा कबूल केला. पहिलीच वेळ, लहान मूल. परिविक्षा अधिकारी (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडायचं का, याचा अहवाल देणाऱ्या) मॅडम घरी येऊन अहवाल करून गेल्या आणि १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. आता महिन्यातून एकदा हजेरी, बाकी दिवस कामावर. बांगडीचे पैसे हप्त्याने फेडतेय.

ती घरी येऊन अकरा दिवस झाले, तेव्हा मोबाईलवर मेसेज आला: आपला ऐपतीचा दाखला तयार आहे. अजून तिथेच पडलाय. भाडं खर्चून आणायला मी काही जाणार नाही.