मोरडीतली नाचणी: माझं पहिलं पीक

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरामागची मोरड, म्हणजे पावसावर पिकणारी उंचवट्याची जमीन, बरीच वर्षं पडीक होती. सासूबाई म्हणायच्या, "तिथली नाचणी वर्षभर पुरायची, वर गुरांना काड." गेल्या मृगाला मी मनावर घेतलं.

नाचणीचं बी मोहरीहूनही बारीक. मुठीतून एकाच जागी सांडतं, म्हणून कोरड्या मातीत मिसळून रोप टाकलं. तीन आठवड्यांनी लावणी, आणि तिथंच चुकले. भाताची सवय हाताला, त्यामुळे खालच्या सखल तुकड्यातही रोपं लावली. आठवड्याभरात ती पिवळी पडली. नाचणीला पाऊस हवा, मुळाशी तुंबलेलं पाणी नको. उतारावरची रोपं मात्र जोमात आली. पुढे दोनदा बेणणी केली, म्हणजे तण काढलं, एवढंच.

खरी परीक्षा ऑक्टोबरात. कणसं एकदम पिकत नाहीत. आधी मुख्य ताटाचं, मग फुटव्यांची. मी विळा घेऊन सगळंच कापायला निघाले, तर सासूबाईंनी हात धरला. "पिकलेलं तेवढंच खूड गो. काड अजून हिरवं आहे, ते गाईचं." सगळी कणसं पिकेपर्यंत थांबलं, तर आधीची झडतात आणि काड राठ होतं. म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा खुडणी केली आणि मग ताटं बुडातून कापली. त्या दिवसांत पहाटे मोर उतरायचे. डबा वाजवून वाजवून हात भरून यायचे.

खुडलेली कणसं लगेच झोडायची नसतात. ढीग घालून तीन-चार दिवस झाकून ठेवली. आत हात घातला तर चांगलीच ऊब लागली. मग उन्हात वाळवून काठीनं झोडपली, तेव्हा दाणे सहज सुटले. सुपानं पाखडताना अंगणभर तांबूस कोंडा.

चार गुंठ्यांत 28 किलो नाचणी मिळाली. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून सासूबाईंच्या हाडांसाठी आता रोज आंबील करते. पहिल्या पिठाचं मात्र तिजान, म्हणजे गोड पेज, केलं, गूळ आणि नारळाचा रस घालून. गाईनं काडाची एक काडीसुद्धा उष्टी टाकली नाही. भाताचा पेंढा ती निम्मा तुडवते.

उतारावरची सर्वांत भरलेली कणसं बियाण्यासाठी चुलीवर धुरात टांगली आहेत. यंदा सखल तुकड्यात भातच लावणार.