प्रगतिपुस्तकावरची सही

गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहिते आहे. तिच्यातला बाप कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी घेऊन येतो आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून पेल्यात धारोष्ण दूध देतो. कोणती म्हैस बिथरली आहे, कोणत्या म्हशीने वैरण अर्धवट टाकली आहे, हे त्याला नुसत्या नजरेने कळते, परंतु आपली मुलगी कितवीत आहे हे सांगता येत नाही. आईविना वाढणाऱ्या त्या मुलीला घरात कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, आणि म्हणूनच तिची हेळसांड गल्लीत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

हे पात्र मला माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने दिले. सहामाहीचे प्रगतिपुस्तक ती वडिलांपुढे धरीत असे, "ठेव तिथं, बघतो" एवढे उत्तर येई, आणि तीन दिवसांनी ते त्याच फळीवर तसेच पडलेले असे. एकदा मधल्या सुट्टीत तिने माझ्या वहीच्या मागच्या पानावर वडिलांची सही गिरवून पाहिली. आडनावाचा लांबवलेला काना आणि त्याखालची तिरपी रेघ जमेपर्यंत पान भरून गेले. पुढे ती सही इतकी सफाईदार झाली की वडिलांनी खरोखर केली असती, तर तीच परकी वाटली असती. बाईंच्या ते कधी ध्यानात आले नाही. मला मात्र सारे माहीत होते आणि मी गप्प राहिले.

लिहिताना मी बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 वाचून काढला. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुद्दाम केलेले आणि मुलाला नाहक शारीरिक वा मानसिक यातना होतील असे दुर्लक्ष, हा कलम 75 प्रमाणे मारहाणीच्याच पंक्तीतला गुन्हा आहे आणि त्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याला आणि शक्य तोवर मुलाला कुटुंबातच वाढू देण्याला महत्त्व आहे; संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा 1 रुपया दंड ठेवला होता. मूल ही बापाची खासगी बाब नाही, हे या गावाने तेव्हाच ऐकले होते.

माझ्या कादंबरीत शेजारीण 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करते आणि मुलगी बालकल्याण समितीपुढे येते. अध्यक्ष आणि चार सदस्यांपुढे बसलेल्या त्या अकरा वर्षांच्या पोरीला, तुला कुठे राहायचे आहे, असे आयुष्यात प्रथमच कोणी विचारते. ती कागलच्या मावशीचे नाव घेते.

पहिल्या खर्ड्यात मी बापाला आजारी पाडले होते आणि मुलीला त्याच्या उशाशी बसवून सारे मिटवून टाकले होते. ती पंधरा पाने मी फाडली, कारण त्यांत नवी संधी फक्त बापाला मिळत होती आणि मुलीच्या वाट्याला पुन्हा एकदा, मोठ्या माणसाने न केलेले काम स्वतः उरकणेच येत होते. आता तो दर रविवारी एसटीने दुधाची किटली घेऊन कागलला जातो. कित्येक रविवार ती बाहेरच येत नाही. तिला साय आवडत नाही, हे त्याला मावशीकडून कळते, आणि त्यानंतर तो पायरीवर बसून, स्वतःच्या हाताने दूध गाळून देऊ लागतो.

एका रविवारी तो विचारतो, "आता कितवीत गं तू?" ती दारातूनच म्हणते, "तुम्हीच सांगा, आण्णा." त्याचे उत्तर बरोबर असावे की चूक, यावर मी आठवडाभर अडून होते. काल ते चूक लिहिले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तो पुन्हा एसटीत बसला.