पायात जोडे घालून

पवित्र भूमीच्या आमच्या पायी यात्रेत नाझरेथ मागे पडलं, आणि जिथे लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला ते कानाही. कानाच्या चर्चमध्ये आमच्यातल्या जोडप्यांनी लग्नाची वचनं पुन्हा घेतली, बाहेर येऊन वाइनच्या बाटल्या घेतल्या आणि पुढची सगळी वाट त्या पाठीवर वाहिल्या. नाझरेथ ते कफर्णहूम ही पायवाट 65 किलोमीटरची. दगडांवर रंगवलेला पांढरा-नारिंगी-पांढरा पट्टा शोधत जायचं. दोन्ही बाजूंना रानमोहरी फुललेली आणि सावलीचा पत्ता नाही.

फादरांचा नियम असा की चालता चालता रोज बायबलमधल्या निर्गमचा बारावा अध्याय थोडा थोडा वाचायचा: मिसरातून सुटकेच्या रात्री कापायच्या कोकराचा. एक वर्षाचा नर, अंगात दोष नसलेला. मेंढरांतला किंवा बकऱ्यांतला. दहाव्या दिवशी निवडायचा, चौदाव्याच्या संध्याकाळी कापायचा. रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला. वाचन संपलं की भजन, आणि भजनात पुन्हा कोकराच. खरं सांगायचं तर तिसऱ्या-चौथ्या वेळेला मला कंटाळा आला. देवाचा कोकरा म्हणजे प्रभू येशू, पण तसं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वेदीच्या कापडावर भरलेलं चित्र यायचं: शुभ्र लोकर, पायात झेंडा, मान वळवून बघणारं. छातीवर रक्ताचा थेंब असलाच तर नक्षीत शोभेल असा. त्या चित्राला उद्देशून मी आयुष्यभर प्रार्थना केली होती.

हत्तीनची शिंगं म्हणतात त्या जोडशिखरी टेकडीवरून उतरताना टाचेवरचा फोड फुटला. इथेच 1187 साली सलादिनने क्रूसेडवाल्यांचा पराभव केला, फादर सांगत होते. मी काळ्या दगडांतून पाऊल कुठे टाकायचं ते बघत होते. गुडघेदुखीच्या गोळ्या खाणाऱ्या काकू सगळ्यांच्या पुढे. मागे वळून म्हणाल्या, "चल गं, प्रभूने तर क्रूस वाहिला होता!" त्या क्षणी काकूंबद्दल जे मनात आलं ते पापनिवेदनातच सांगितलेलं बरं. मी एका दगडावर बसले आणि मंडळी पुढे गेली.

मेंढरं आधी ऐकू आली, मग दिसली. पांढरं अंग, तपकिरी तोंड, शेपटीच्या जागी चरबीचा लोंबता गोळा. मागून म्हातारा मेंढपाळ आणि दहा-बारा वर्षांचा नातू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण थांबले ते माझ्यासाठी नाही. एक कोकरू पुढचा पाय टेकवत नव्हतं. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, बसलेलं माणूस मीच होते, म्हणून कोकरू उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि खुणेने सांगितलं, धर.

मी धरलं. लोकर मऊ नसते. वरून खरखरीत, आत बोटं गेली की चिकट, तेलकट. त्या लोकरीखाली बरगड्या, बरगड्यांखाली काळीज असं धडधडत होतं की माझे हात हलत होते. वास आंबूस. म्हाताऱ्याने खिशातला चाकू काढला, वाढलेलं खूर तासलं, बेचक्यात रुतलेला काटा टोकाने उपसून काढला. कोकरू एकदाच ओरडलं. मग माझ्या पँटवर लेंड्या टाकून मोकळं झालं. नातू पोट धरून हसला. मला आधी राग आला, मग मीही हसले.

नंतर म्हाताऱ्याचं लक्ष माझ्या बुटाकडे गेलं. तोच हात, तोच हुकूम: काढ. टाच पाहून त्याने चकचक केलं, बाटलीतलं पाणी ओतलं, शेजारच्या काटेरी झुडपाला अडकलेला लोकरीचा झुपका ओढून घेतला, त्यातल्या काटक्या वेचून काढल्या आणि तो टाचेभोवती गुंडाळून वर मोजा चढवला. पुढे कळलं की लांब चालणारे लोक मुद्दाम अशी लोकर वापरतात. मी पैसे पुढे केले तर त्याने हात झटकला. "श्वय्या, श्वय्या," म्हणाला. हळूहळू. पन्नास-साठ पावलं माझ्याबरोबर, माझ्या चालीने चालला, पट्ट्याचा दगड दाखवला आणि कळपाकडे वळला. ते कोकरू लंगडतच होतं.

मला तेव्हा सुचलं ते एवढंच: हे लंगडं म्हणून वाचलं असतं. नियमशास्त्राप्रमाणे लंगडं, आंधळं जनावर बलीला चालत नाही. ज्याला काही झालेलं नाही तेच जातं. हे मी लहानपणापासून धर्मशिक्षणात पाठ केलेलं, पण त्यात किती अन्याय आहे ते कधी जाणवलंच नव्हतं. ज्याचे पाय ठणठणीत त्याने मरायचं आणि आम्ही लंगडत त्याच्या मागून जायचं.

त्या रात्री वाचनात दहावा ते चौदावा हा हिशेब पुन्हा आला. चार दिवस. म्हणजे ते घरी आणायचं, बांधायचं, त्याला खाऊपिऊ घालायचं. मुलं त्याला नाव ठेवणारच. चौथ्या संध्याकाळी बापाने त्याच अंगणात... मला झोप लागली नाही. बाजूच्या खोलीत काकू घोरत होत्या.

आर्बेलचा कडा, ताबघा, कफर्णहूम. गालील सरोवर खरोखर सुंदर आहे.

प्रभू यरुशलेमेत शिरला त्याची आठवण म्हणून झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक बेथफगे गावाहून निघते, जैतुनाच्या डोंगरावरून खाली येते आणि सिंहद्वारातून संत आन्नाच्या चर्चपाशी संपते. गिटार, ढोल, स्पॅनिश, अरबी, तमिळ, सगळं एकत्र. कुणीतरी माझ्या टाचेवर पाय दिला. लोकर आत होती म्हणून निभावलं. चर्चच्या आवारात बेथेस्दाचं तळं. योहानाच्या शुभवर्तमानात ते मेंढरे दरवाजाजवळ आहे. आम्हीही त्याच बाजूने शहरात शिरलो होतो. फादर म्हणाले, कोकरू निवडून घरात घ्यायचा दिवस आणि प्रभू शहरात शिरला तो दिवस एकच, असं मानणारे बरेच आहेत. मग चार दिवस त्याची तपासणी: शास्त्री विचारतात, प्रमुख याजक विचारतात, शेवटी रोमन सुभेदार पिलात म्हणतो, मला दोष सापडत नाही.

यावरून आमच्यातल्या एका निवृत्त सरांचा आणि फादरांचा वाद झाला. पहिल्या तीन शुभवर्तमानांत प्रभूचं शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातल्या त्या सुटकेच्या सणाचं भोजन. योहानाच्या हिशेबाने वल्हांडण दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंदिरात कोकरं कापली जात होती तेव्हाच प्रभू क्रूसावर. सरांना एकच तारीख हवी होती. मला योहान पटतो. त्याच्या पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा बोट दाखवून म्हणतो, हा पाहा देवाचा कोकरा. आणि शेवटी शिपाई शेजारच्या क्रूसांवरच्या दोघांचे पाय मोडतात, प्रभूचे मोडत नाहीत, कारण त्या कोकराचं हाड मोडायचं नसतं. त्याच्या तोंडाशी आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, पोचवायला काठी मिळते तीही एजोब नावाच्या झुडपाची, ज्याच्या जुडीने मिसरात दारांना रक्त लावलं होतं. एवढं सगळं जुळवून सांगणारा माणूस तारीख सहज चुकवेल असं मला वाटत नाही.

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं झाली. गर्दीत मला तीन-चारच दिसली.

पुनरुत्थानाच्या रविवारी यजमानांनी जेवण दिलं. दह्याच्या रश्शात शिजवलेलं कोकराचं मटण, खाली भात. काकूंनी ताट सरकवलं. "मला नको. हिच्या मांडीवरच्या त्या पिल्लाचं ऐकल्यापासून घशाखाली उतरायचं नाही."

फादर म्हणाले, "काकू, मिसरात ते नुसतं दाराला रक्त लावायला दिलं नव्हतं. कंबर कसून, पायात जोडे घालून, घाईघाईने खायला दिलं होतं. आणि सकाळपर्यंत काही उरवायचं नाही."

"भाजलेलं सांगितलंय त्यात," काकू म्हणाल्या, "शिजवलेलं नको म्हणून स्पष्ट लिहिलंय. मीही वाचलाय अध्याय."

फादर गप्प बसले. मी काकूंचा वाटाही माझ्या ताटात घेतला. बस दहा मिनिटांत निघणार होती, त्यामुळे बूट काढलेच नव्हते.