टायटानियावर एक टक्का प्लॅटिनम

पाण्यात पसरवलेल्या नुसत्या टायटानियावर (टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पुडीवर) अतिनील प्रकाश टाकला तर हायड्रोजन जेमतेम निघतो. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या मागे उरलेल्या धनभारित रिकाम्या जागा, म्हणजे होल, पुन्हा एकमेकांना गाठतात, ऊर्जा उष्णता होऊन जाते. पृष्ठभागावर प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे कण असले, की इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात आणि तिथेच प्रोटॉनपासून हायड्रोजन तयार होतो.

हे कण प्रकाशानेच बसवता येतात. १०० मिलिग्रॅम पी-२५ (बाजारात मिळणारा एक प्रकार) टायटानियाला १ मिलिग्रॅम प्लॅटिनम हवे. क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या हेक्साहायड्रेटमध्ये (पाण्याचे सहा रेणू धरलेल्या स्फटिकात) प्लॅटिनम सुमारे ३७.७ टक्के, म्हणून २६५ मिलिग्रॅम स्फटिक १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम मिळते. हे स्फटिक हवेतली ओल शोषतात, तेव्हा झटपट तोला. स्टीलचा चमचा वापरू नका, प्लॅटिनम त्याच्यावरच बसतं.

पूड ८० मिलिलिटर पाणी आणि २० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी पूड सुटी करणाऱ्या यंत्राने) पसरवा, प्लॅटिनमचं द्रावण घाला, अर्धा तास आर्गॉन सोडा आणि ढवळत ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीखाली ठेवा. पांढरं मिश्रण राखाडी होतं. पण राखाडी झालं म्हणजे सगळं प्लॅटिनम बसलं असं नाही. सेंट्रिफ्यूज करून वरच्या निवळीत आम्लयुक्त स्टॅनस क्लोराइडचे थेंब टाका. पिवळा-नारिंगी रंग आला तर प्लॅटिनम अजून द्रावणातच आहे.

ऑक्सिजन उरला तर तोच इलेक्ट्रॉन खातो आणि सुरुवातीचा हायड्रोजन कमी दिसतो. म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) नायट्रोजनच्या शिखरावरही लक्ष ठेवा; ते दर नमुन्याला वाढत असेल तर सेप्टम (ज्यातून सुईने नमुना घेतात ते रबरी झाकण) गळतोय आणि हवा आत शिरतेय. वाहक वायू (नमुना यंत्रातून पुढे नेणारा) आर्गॉनच घ्या. हेलियम आणि हायड्रोजन यांची उष्णतावाहकता इतकी जवळ आहे, की उष्णतावाहकतेवर चालणाऱ्या शोधकाला फरक नीट कळत नाही.

प्लॅटिनम वाढवत नेलं की फायदा ओसरतो: कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, टायटानियावर सावली धरतात आणि पुढे स्वतःच इलेक्ट्रॉन-होलच्या पुनर्मिलनाची ठिकाणं बनतात. ०.२, ०.५, १ आणि २ टक्के असे चार नमुने करून पाहणं एका नमुन्यावर विसंबण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

मिथेनॉल असताना मिळालेल्या आकड्याला ‘पाण्याचं विघटन’ म्हणू नये. होल मिथेनॉलचं ऑक्सिडीकरण करतात, ऑक्सिजन निघतच नाही, आणि हायड्रोजनचा बराच वाटा मिथेनॉलचाच असतो. प्रति ग्रॅम प्रति तास मायक्रोमोल हा आकडाही दिवा आणि भांडं बदललं की बदलतो. आपाती फोटॉन (वर पडणारे प्रकाशकण) मोजून, हायड्रोजनच्या रेणूंची दुप्पट भागिले फोटॉन, अशी क्वांटम कार्यक्षमता तरंगलांबीसह द्या. सोबत अंधारातली आणि उत्प्रेरकाशिवायची कोरी चाचणीही.