आज पाचशे चाळीस किलोमीटर

पहाटे साडेपाचला निघालो, आत्ता रात्रीचे दहा वाजलेत. कानात अजून इंजिनचा आवाज घुमतोय, तळहात झिणझिणतायत.

गाडी १९९१ ची माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. १६०० सीसी, पाच गिअर, वजन जेमतेम हजार किलो. ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, चाकं जागेवर घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. रस्ता थेट हाताला कळतो. खडी कुठे सुरू झाली, पुढचं चाक कुठे हलकं पडलं, सगळं.

सरळ हायवेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पण दुपारी घाट लागला! वळणाआधी ब्रेक, क्लच दाबून ॲक्सिलरेटरला हलकासा टोला, आणि तिसरा गिअर असा अलगद बसला की धक्का म्हणून जाणवला नाही. छत उघडं, वर नुसतं आभाळ. या दहा मिनिटांसाठी मी परत पाचशे किलोमीटर जाईन.

चढावर एका ट्रकमागे बराच वेळ रखडलो. रेडिएटरला वारा मिळेना, तापमानाचा काटा वर सरकला. पोटात गोळाच आला. हीटर फुल केला (त्याचंही एक छोटं रेडिएटरच असतं, इंजिनची उष्णता तेही बाहेर काढतं). पाय भाजायला लागले, पण काटा हळूहळू जागेवर आला. तेव्हा डॅशबोर्डवरून मायेने हात फिरवला.

अंधार पडल्यावर बटण दाबलं, बॉनेटमधून दोन्ही दिवे वर उठले. ते बघायला मला आजही तितकंच आवडतं.

पोचल्यावर इंजिन बंद केलं. गार होणाऱ्या धातूची टिक टिक ऐकत कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.