जुन्या बोर्डाची डिव्हाइस ट्री नव्या कर्नलवर आणताना : माझा अनुभव

सावदा-रावेर परिसरातील केळी पिकवणाऱ्या काही चेंबरमध्ये तापमानाची नोंद ठेवणारे बीगलबोन ब्लॅक हे छोटे संगणक-बोर्ड मी सांभाळतो. त्यांवर डेबियन १० ही लिनक्स प्रणाली आणि तिचा गाभा म्हणजे ४.१९ कर्नल होता. डेबियन १० चा दीर्घ मुदतीचा आधारही जून २०२४ मध्ये संपला, आणि हे बोर्ड डोंगलवरून सतत इंटरनेटला जोडलेले असल्यामुळे त्यांना तसेच ठेवणे मला पटेना. म्हणून डेबियन १२ आणि त्याच्यासोबतचा ६.१ कर्नल चढवायचे ठरवले. नवी मेमरी कार्डे तयार करणे, पायथनचे प्रोग्रॅम हलवणे हे सगळे सुरळीत पार पडले. अडले ते डिव्हाइस ट्रीपाशी, आणि ज्या कारणाने अडले त्याचा राग अजून गेलेला नाही.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा. कोणती चिप कोणत्या पत्त्यावर आहे आणि कोणत्या पिना वापरते, हे त्यात लिहिलेले असते व ते वाचूनच कर्नल ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, जोडतो. माणसाने लिहिलेली डीटीएस फाइल आणि तिच्यावरून डीटीसी कंपायलरने बनवलेली डीटीबी, अशी तिची दोन रूपे असतात. आमचे सेन्सर ज्या एमसीपी३२०८ या व्होल्टेजचे आकडे करून देणाऱ्या चिपला जोडलेले आहेत, ती चिप असलेले कार्ड ज्या पुरवठादाराकडून घेतले, त्याने फक्त डीटीबी दिली होती. मूळ डीटीएस मागितल्यावर आधी उत्तरच आले नाही, आणि पाठपुरावा केल्यावर ‘नवीन मॉडेल घ्या’ असे सांगण्यात आले. ही डीटीबी ज्या फाइलींवर बेतलेली आहे त्या जीपीएल या मुक्त परवान्याखालील आहेत, त्यामुळे ज्याला डीटीबी दिली त्याला तिचा स्रोत मागण्याचा हक्क आहे, हेही मी लेखी कळवले. त्याचे उत्तर आजपर्यंत आलेले नाही. कार्ड विकत घेतानाच डीटीएस ताब्यात घ्यावी आणि तसे बिलावर लिहून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

जुनी डीटीबी नव्या कर्नलवर चालली पाहिजे, असे कर्नलचे घोषित धोरण आहे. प्रत्यक्षात आमचा बोर्ड सीरियल कन्सोलवर ‘स्टार्टिंग कर्नल’ एवढे दाखवून थांबला. या प्रोसेसरच्या आतील घटकांची क्लॉक आणि पॉवरची माहिती पूर्वी कर्नलमधील कोष्टकांत असे व ट्रीमध्ये फक्त घटकाचे नाव असे. पुढे ती माहिती ट्रीमध्ये हलवली गेली आणि कोष्टके काढून टाकली गेली. जुन्या डीटीबीत नुसती नावे होती आणि ती नावे शोधणारे कर्नलमध्ये कुणी उरले नव्हते.

तेव्हा नव्या कर्नलची बीगलबोन ब्लॅकची ट्री पाया म्हणून घ्यायची आणि पुरवठादाराचे तेवढेच बदल तिच्यावर चढवायचे, हा मार्ग उरला. ते बदल ओळखण्यासाठी ४.१९ ची मूळ ट्री बनवली, ती आणि पुरवठादाराची डीटीबी अशा दोन्ही डीटीसीने उलट मजकुरात आणल्या आणि त्यांची तुलना केली. उलट केलेल्या मजकुरात लेबले नाहीशी होतात, मॅक्रोंच्या (आकड्यांना दिलेल्या वाचनीय नावांच्या) जागी नुसते आकडे येतात आणि पी-हँडलचे, म्हणजे ट्रीतील एका नोंदीने दुसरीकडे बोट दाखवण्याचे, क्रमांक बदललेले असल्यामुळे शेकडो ओळी उगाच वेगळ्या दिसतात. तो सगळा कचरा बाजूला सारल्यावर खरे बदल निघाले ते एका पानात मावणारे होते. एवढ्या एका पानासाठी पुरवठादाराने आम्हाला ताटकळत ठेवले.

त्यात चिपचे नाव ‘स्पायडेव्ह’ असे दिलेले होते. ते लिनक्सच्या एका ड्रायव्हरचे नाव आहे, चिपचे नव्हे. २०१५ पासून कर्नल त्याबद्दल इशारा देत आला आणि ६.१ ते सरळ नाकारतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, तसे स्पष्ट लिहून येत असल्यामुळे तो प्रश्न लवकर सुटला. खरे नाव ‘मायक्रोचिप, एमसीपी३२०८’ लिहिले, ३.३ व्होल्टचा संदर्भ रेग्युलेटर जोडला आणि ड्रायव्हर विनातक्रार उभा राहिला.

परंतु आठही वाहिन्यांचे वाचन शून्य येत होते. डीमेसेजमध्ये एकही चूक दिसत नव्हती. वायर बदलल्या, चिप बदलली, दुसरा बोर्ड घेतला, तरी शून्य. इकडे श्रावण जवळ आलेला, आणि चेंबरचे मालक फोनवर विचारत होते, ‘भाऊ, चालू होतं त्याला हात कशाला लावला?’ शेवटी डीबगएफएसमधील (कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइलींमधील) पिनांची यादी ओळीने वाचत गेलो, तेव्हा जिच्याशी आमचा काही संबंध नाही अशी एक पिन बदललेली दिसली.

पुरवठादाराच्या ट्रीतून उचललेल्या तुकड्यात पिनांची नोंद हेक्समध्ये (सोळा-आधारी आकड्यांत) अशी होती : १५०, ३०, १५४, ३०, १५८, १०, १५सी, १०. जुन्या ट्रीत पत्ता आणि किंमत अशी जोडी वाचली जात असे. नव्या ट्रीत पत्ता, पॅडची मांडणी आणि मक्स (पिनेने कोणते काम करायचे ते) अशी तीन आकड्यांची नोंद असते. त्यामुळे कर्नलने १५०, ३०, १५४ ही पहिली नोंद धरली आणि दुसऱ्या नोंदीत ३० हाच पत्ता समजून भलत्या पिनेवर लिहिले. १५४ पासूनच्या आपल्या पिनांना कुणी हातच लावला नाही. आकडे काढून त्या जागी कर्नलचा पॅडकॉन्फ मॅक्रो लिहिला आणि वाचन लगेच आले. चेंबरमध्ये सतरा अंश दिसले, तेव्हा जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे अवघड आहे.

यातून एक गोष्ट पक्की कळली. सुसंगततेचा शब्द कर्नल देतो तो संपूर्ण डीटीबीपुरता. जुन्या ट्रीतून कापलेला तुकडा नव्या पायावर बसवला, की तो शब्द लागू होत नाही, म्हणून तुकड्यातला प्रत्येक नुसता आकडा संशयाने पाहावा.

आधी सांगायचे राहिले ते असे. अपग्रेडला हात लावण्यापूर्वी ‘/सिस/फर्मवेअर/एफडीटी’ ही फाइल जपून ठेवावी, कारण कर्नल सुरू करून देणारा यू-बूट हा प्रोग्रॅम ट्रीमध्ये स्वतःची भर घालतो आणि चालू बोर्डावरची ट्री डिस्कवरच्या फाइलपेक्षा वेगळी असते. रूट विभाजन (प्रणाली असलेला डिस्कचा भाग) ‘एमएमसीबीएलके०’ अशा नावाने न देता यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने द्यावे, कारण कर्नल ५.१० पासून मेमरी कार्ड आणि ईएमएमसी (बोर्डावरची साठवण) यांचे क्रमांक अदलाबदल होऊ शकतात. ओव्हरले, म्हणजे मूळ ट्रीवर वरून चढवायचे तुकडे, वापरत असाल तर पायाची डीटीबी ‘-@’ पर्यायासह कंपाइल केलेली असावी, नाहीतर यू-बूटला लेबले सापडत नाहीत. जुना कर्नल आणि त्याची डीटीबी बूट विभागात तशीच राहू द्यावी. नवी जोडी बिघडली तर यू-बूटच्या सेटिंगच्या ‘यूएन्व्ह’ फाइलमधील कर्नल आणि डीटीबीच्या ओळी बदलून बोर्ड पुन्हा उभा करता येतो, आणि चेंबर भरलेले असताना तेवढाच आधार पुरतो.